पोत्यावर झोपणारं शहर

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग आला आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं दर हिवाळ्यात हजेरी लावत राहिला. मुंबईहून पुणे, कराची, मग घाटावरची गावं, मग पार पंजाब. देशभरात त्याने एक कोटीहून अधिक माणसं नेली. मद्रास शहरात मात्र तो कधी नीट रुजलाच नाही. मद्रास म्हणजे काही आडबाजूचं खेडं नव्हतं. तिथे बंदर होतं, रेल्वे होती, दाटीच्या वस्त्या होत्या, उंदरांना तर तोटाच नव्हता. इकडून तिकडे माणसं जात होती, मालही जात होता. मग मुंबईत असं काय होतं, जे मद्रासेत नव्हतं?

हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला तो २०२० च्या एप्रिलात. तेव्हा टीव्हीवर रोज रात्री कोणीतरी तावातावाने सांगत असायचं की मुंबईलाच एवढा फटका का. कारणं ठरलेली. गर्दी, घाण, आणि 'लोक ऐकतच नाहीत'. गर्दीचं कारण नाकारण्यासारखं नव्हतं. घाणीचं मला तेव्हाही पटत नव्हतं. तिसऱ्या कारणाचा राग यायचा, कारण सव्वाशे वर्षांपूर्वीचे साहेबही हेच म्हणायचे. टाळेबंदीत वेळच वेळ होता. प्लेगवर जे जे हाताला लागलं ते वाचत सुटलो, आणि मद्रासपाशी येऊन अडकलो.

सुरुवात मांडवीपासून करतो, कारण मुंबईतला प्लेग तिथूनच सुरू झाला. मांडवी म्हणजे आजच्या मशीद बंदर स्टेशनच्या आजूबाजूचा भाग. गोदीला लागून धान्याची गोदामं, गोदामांच्या माथ्यावर राहती घरं. डॉ. अकासियो व्हिएगस नावाचे डॉक्टर तिथे प्रॅक्टिस करत. मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. सप्टेंबर १८९६ मध्ये त्यांनी एका रोग्याच्या अंगावरची गाठ पाहिली आणि हा प्लेग आहे हे ओळखलं. ते नगरसेवकही होते, त्यामुळे गोष्ट थेट म्युनिसिपालिटीत गेली. आधी कोणी मानायला तयार नव्हतं. 'प्लेग' हा शब्द उच्चारला की बंदरातला माल बाहेरच्या देशांत कोण उतरवून घेणार? (ही काळजी कुठल्याच साथीत कुठल्याच बंदराला सुटलेली नाही.) मांडवीच्या गोदामांत आधीपासून मेलेले उंदीर सापडत होते. लोकांनी ते पाहिले होते, सरकारी कागदांतही त्यांचा उल्लेख आहे. पण उंदरांचं मरण हे साथीचं कारण असेल, असं त्या वेळच्या वैद्यकीला वाटत नव्हतं. तिच्या लेखी रोग येई तो घाणीतून, दमट जमिनीतून आणि दुर्गंधीतून.

मग शहराने काय केलं? गटारं समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक या जंतुनाशकाने धुऊन काढली. गटारातल्या उंदरांनी तेव्हा कुठे मुक्काम हलवला असेल, ते सांगायला नको. घरांची कौलं उतरवली, आत ऊन यावं म्हणून. भिंतींना चुना फासला. जी घरं राहायला नालायक ठरली त्यांच्या दारावर 'यू.एच.एच.' ही तीन इंग्रजी अक्षरं रंगवली, म्हणजे मनुष्यवस्तीला अयोग्य. रोग्याला उचलून इस्पितळात न्यायचं आणि घरच्यांना छावणीत कोंडायचं. ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणीकामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या साथरोग इस्पितळावर हल्ला केला तो याच धास्तीने. त्या इस्पितळाला आज आपण कस्तुरबा रुग्णालय म्हणतो. २०२० च्या मार्चमध्ये मुंबईतले पहिले कोविडचे रोगी तिथेच दाखल झाले होते.

उंदीर, पिसू आणि माणूस ही साखळी पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवली. पुष्कळांनी त्याला वेड्यात काढलं. मग काही वर्षांनी परळच्या प्लेग प्रयोगशाळेतल्या ग्लेन लिस्टन यांनी मुंबईच्या चाळींत एक साधी युक्ती केली. प्लेग लागलेल्या खोल्यांत गिनीपिग मोकळे सोडले. एरवी गिनीपिगच्या अंगावर उंदराची पिसू सहसा सापडत नाही. इथे ती सापडली. घरातले उंदीर मेल्यावर त्यांच्या अंगावरच्या पिसवा उपाशी पडतात आणि जे उबदार अंग जवळ येईल त्यावर उडी घेतात. गिनीपिगवर घेतली, तशी माणसावर. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने हे काम पक्कं केलं, तेही परळच्याच त्या जुन्या गव्हर्नर हाउसमध्ये. आज तिथे हाफकिन संस्था आहे.

एवढं होऊनही मद्रासचं कोडं सुटत नव्हतं. उंदीर तिथेही, पिसवाही तिथे. कोडं सुटलं ते पिसवा एकसारख्या नाहीत हे कळल्यावर. कोलंबोच्या नगरपालिकेत फेबियन हर्स्ट नावाचे सूक्ष्मजंतुतज्ज्ञ होते. १९१३-१४ च्या सुमारास त्यांच्या ध्यानात आलं, की आपण जिला 'उंदराची पिसू' म्हणतो ती एकच जात नाही. झेनोप्सिला चिओपिस ही एक आणि झेनोप्सिला अस्टिया ही दुसरी. दुर्भिंगाखालीही पटकन वेगळ्या ओळखू येऊ नयेत इतक्या सारख्या, अस्टियाला तर वेगळं नाव मिळून जेमतेम दोन-तीन वर्षं झाली होती. चिओपिस प्लेग पसरवण्यात तरबेज. जंतूंनी तिचा अन्नमार्ग चोंदतो, रक्त पोटात उतरत नाही, म्हणून ती भुकेने पुन्हा पुन्हा डसते आणि दर वेळी जंतू आत सोडते. अस्टिया त्या कामात कच्ची. मुंबईच्या उंदरांवर चिओपिसचं राज्य होतं. मद्रासच्या उंदरांवर जवळजवळ सगळी अस्टियाच.

म्हणजे मद्रास वाचलं त्यात मद्रासच्या स्वच्छतेचा, शिस्तीचा, गव्हर्नरच्या हुशारीचा कसलाच वाटा नव्हता. मुंबई बुडाली त्यात मुंबईकरांच्या सवयींचा फारसा दोष नव्हता. दोन मिलिमीटरच्या किड्याच्या जातीवर हा निकाल लागला, आणि शहरं मात्र आपापल्या परीने त्याचं श्रेय आणि खापर वाटत बसली.

पण ही पिसू मुंबईतच का? इथे मला जास्त रस आहे. चिओपिसच्या अळ्या धान्याच्या भुशावर, पोत्यांच्या धुळीवर पोसतात. ती धान्याच्या आणि कापसाच्या गोण्यांतून प्रवास करते. कोलंबोत १९१४ साली प्लेग आला तेव्हा तोही धान्याच्या वखारींच्या भागातच घुटमळला. अख्ख्या मध्य हिंदुस्थानचा कापूस आणि गहू मुंबईच्या बंदरात येऊन पडायचा, थप्प्या लागायच्या, थांबायचा, मग बोटीत चढायचा. या व्यापारानेच शहर श्रीमंत केलं. कॉटन ग्रीनचा कापूसबाजार, गिरण्या, फोर्टातल्या पेढ्या, सगळं त्या गोण्यांवर उभं. आणि त्याच गोण्यांतून ही पिसू आली.

पोतं या वस्तूबद्दल मला थोडं घरातून माहीत आहे. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, पाटण तालुक्यातून मुंबईला आले आणि दाणाबंदरात माथाडी झाले. राहायला गाळा. गाळा म्हणजे एकच लांबट खोली, आणि तीत एका गावची, फार तर शेजारच्या वाडीची, पंचवीस-तीस माणसं. भिंतीला ओळीने पत्र्याच्या ट्रंका, त्यावर वळकट्या, दोरीवर कपडे. एकाची रातपाळी असली की त्याच्या जागेवर दुसरा. जेवण खानावळीत, तेही बहुधा गावच्याच एखाद्या मावशींच्या. उन्हाळ्यात खोलीत जीव गुदमरायचा तेव्हा तात्या आणि दोघे-तिघे गोदामात थप्पीवर जाऊन झोपत. ज्वारीच्या पोत्यावर झोप चांगली लागते, तांदळाचं पोतं पाठीला टोचतं, असं ते सांगायचे. सुट्टीला गावी आले की पिशवीतून आधी खाऊ निघायचा, आणि मग कागदात गुंडाळलेला लोखंडी आकडा, पोतं ओढायचा. तो आम्हा पोरांना हात लावायला मनाई. पुढे धान्याचा घाऊक बाजार तुर्भ्याला हलला आणि तात्याही हलले.

तात्यांच्या काळात प्लेग नव्हता. पण मांडवीच्या १८९६ सालच्या नोंदी वाचताना मला तो गाळाच दिसत होता. पुस्तकं 'दाटी' म्हणतात तेव्हा प्रति चौरस मैल माणसं मोजतात. त्या मोजणीत गाळा दिसत नाही. कोण कुठे झोपतो, कोणाच्या शेजारी झोपतो, पोत्यापासून किती अंतरावर झोपतो, हे दिसत नाही. प्लेगला चौरस मैलाशी कर्तव्य नव्हतं. त्याच गावात त्याच साली युरोपियन आणि पारशी कमी मेले, याचं कारण त्यांचं रक्त वेगळं नव्हतं. ते गोदामाच्या माथ्यावर झोपत नव्हते.

तात्यांच्या आईने, म्हणजे माझ्या आजीने, लहानपणी प्लेग पाहिला होता. साताऱ्याकडे तो तुरळक का होईना चाळीसच्या दशकापर्यंत येत राहिला. तिच्या तोंडी एकच वाक्य असायचं: "उंदीर पडला की घराला कडी, अन् माळावर खोप." घरात मेलेला उंदीर दिसला की गाव एका दिवसात रानात. पाचटाच्या खोपी, चुली बाहेर, कोंबड्या दावणीला. महिना-दोन महिने. त्या बाईला पिसूची जात ठाऊक नव्हती, आयोगाचा अहवाल ठाऊक नव्हता. घाटावरच्या खेड्यांनी हा उपाय आपला आपणच शोधला होता आणि तो अगदी बरोबर होता. उंदरापासून लांब जा, पिसू आपोआप मरते.

मुंबईला मात्र माळ नव्हता. पण गाव होतं. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत साडेआठ लाखांच्या शहरातली जवळपास निम्मी माणसं बोटीने, रेल्वेने, पायी निघून गेली. कोकणात, घाटावर, गुजरातेत. गिरणीमालक कामगार टिकवायला रोजच्या रोज पगार देऊ लागले, एकमेकांचे कामगार पळवू लागले. १८९१ च्या जनगणनेत मुंबईत ८,२१,७६४ माणसं होती, १९०१ मध्ये ७,७६,००६ भरली. ज्या शहराची वस्ती दर दहा वर्षांनी फुगायची ते दहा वर्षांत आकसलं. जे गेले त्यांतले बरेच वाचले. काहींबरोबर बोचक्यातून पिसूही गावी गेली, आणि मग गावांची पाळी आली.

फेब्रुवारी १८९७ मध्येच सरकारने साथरोग कायदा केला. चार कलमी, आटोपशीर, सरकारला हवं ते करायची मुभा देणारा. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने तोच काढला. मात्र एक फरक पडला होता. १८९७ मध्ये निम्मं शहर गावी जाऊ शकलं. २०२० मध्ये आधी गाड्या बंद झाल्या, मग चार तासांच्या सूचनेवर देशभर टाळेबंदी लागली, आणि गाळ्यातला, खोलीतला माणूस खोलीतच राहिला. मग तो चालत निघाला. मला दोन्ही गोष्टींचं समर्थन करता येत नाही. माणसांना जाऊ दिलं की साथ पसरते, अडवलं की साचते. पण साचते ती कुठे? ज्यांच्याकडे आठ माणसांना एक खोली आहे तिथे. हे कोणीतरी आधी मोजायला हवं होतं, आणि ते मोजायला २०२० साली काही अवघड नव्हतं.

पुण्याबद्दल बोलायचं तर प्लेग म्हटलं की आपल्याला रँड आठवतो. गोऱ्या शिपायांची घरझडती, देवघरात बूट, २२ जून १८९७ ची रात्र, गणेशखिंडीचा रस्ता, चापेकर. हे आपल्याकडे इतकं सांगितलं गेलं आहे की मी पुन्हा सांगत नाही. त्याच साली १० मार्चला हडपसरजवळ सावित्रीबाई फुले गेल्या, मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आणल्यावर त्यांनाच लागण झाली होती. प्लेगची आठवण काढताना आपण गोळीची तारीख आधी काढतो आणि दवाखान्याची नंतर, किंवा काढतच नाही. माझ्यापुरतं मी हा क्रम उलटा केला आहे.

१९१८ ची साथ वेगळी. तिला ना उंदीर लागत होता, ना पोतं. आमच्याकडे तिला मानमोडी म्हणत. जूनमध्ये मुंबईच्या गोदीत पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई तापाने आडवे झाले, तिथून सुरुवात. महायुद्धावरून परतणाऱ्या फौजा मुंबईत उतरत होत्या, त्यांच्याबरोबर ती आली असं मानलं जातं. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं मेली. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागलं होतं, खेड्यांतली उपाशी माणसं शहरात येत होती. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक बळी गेले. बंगालात मृत्यूचं प्रमाण पुष्कळ कमी राहिलं. कलकत्त्यात मुंबईहून कमी गर्दी होती म्हणून? तसं नव्हतं. साथ पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकताना मवाळ होत गेली, आणि दुष्काळाचा घाव पश्चिमेला जास्त बसला होता. संशोधक अजून यावर वाद घालतात.

मला त्या साथीतले मुंबईचेच एका ओळीतले आकडे जास्त बोलके वाटतात. इन्फ्लुएन्झाचे दर हजारी मृत्यू: युरोपियन ८.३, पारशी ९.०, मुसलमान १९.२, 'खालच्या जातींचे हिंदू' (हा सरकारी शब्द) ६१.६, इतर हिंदू १८.९. हवा एकच, विषाणू एकच, महिना एकच. ६१.६ आणि ८.३ एकाच महापालिकेच्या हद्दीतले आहेत. हे वाचल्यावर 'मुंबईला फटका बसला' असं वाक्य मला सरळ वाटत नाही. फटका बसला तो नागपाड्यातल्या, परळातल्या, डोंगरीतल्या एकखोली बिऱ्हाडांना. मलबार हिल मुंबईतच होती, तिला निराळा आजार झाल्यासारखं होतं. शहरांची तुलना करताना आपण सरासरी काढतो आणि ती सरासरी कोणाच्याच घरी राहत नाही.

आता धारावी. १ एप्रिल २०२० ला तिथे पहिला रुग्ण सापडला तेव्हा सगळ्यांनी श्वास रोखला होता. दोन-सव्वादोन चौरस किलोमीटरात आठ-दहा लाख माणसं, आणि बहुतेकांना सार्वजनिक संडास. 'घरी राहा' या सल्ल्यात घरात संडास आहे हे गृहीत धरलेलं असतं. पहाटे रांगेत उभं राहिल्याशिवाय दिवस सुरूच होत नाही अशा वस्तीत अंतर कसलं ठेवता? जुलै २०२० मध्ये माटुंगा, चेंबूर पश्चिम आणि दहिसर या तीन विभागांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, बाहेरच्या इमारतींत १६ टक्के. सामायिक संडास हे त्यामागचं एक कारण असावं, असं तेव्हा सांगितलं गेलं. पुण्यात त्याच उन्हाळ्यानंतर लोहियानगर, काशेवाडी, येरवडा, कसबा अशा निवडक प्रभागांत तपासणी झाली तेव्हा निम्म्याहून अधिक, ५१.५ टक्के, निघाले.

१९१८ चे आकडे डोक्यात घेऊन मी हे वाचलं तेव्हा मला वाटलं, आता वस्त्यांत मृत्यूचे ढीग लागणार. तसं झालं नाही. लागण प्रचंड, मृत्यू त्या मानाने थोडे. मुंबईतल्या त्या तपासणीनंतर काढलेल्या अंदाजात लागण झालेल्यांतलं मृत्यूचं प्रमाण ०.०५ ते ०.१० टक्के इतकं कमी धरलं गेलं. काही मृत्यू नोंदलेच गेले नसतील, हे मी गृहीत धरतो. तरी मोठं कारण वयाचं. हा आजार म्हाताऱ्यांना मारत होता, आणि मुंबईच्या वस्त्यांत म्हातारी माणसं कमी. ती गावी असतात. तात्यांच्या गाळ्यात तीस माणसांत पन्नाशी ओलांडलेला एखादाच, बाकीच्यांचे आईबाप पाटणला. मुंबई कष्टाची वर्षं ठेवून घेते आणि म्हातारपण गावाला परत धाडते, या व्यवहारावर मी आयुष्यभर चिडलेलो आहे. कोविडमध्ये त्याच व्यवहाराने धारावीला थोडं राखलं, हे मान्य करताना मला अवघडल्यासारखं होतं. १९१८ ला ती सोय नव्हती, कारण तो ताप मुख्यतः वीस ते चाळीस वयाच्या धडधाकट माणसांना मारत होता, आणि ती माणसं नेमकी चाळीतच होती.

म्हणून 'कोणत्या शहराला जास्त फटका' असं विचारलं की मी उलट विचारतो, लागण म्हणता की मरण? दोन्हींचं उत्तर वेगळं येतं. आणि तेही टिकत नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत मुंबईत बहुतांश रुग्ण उंच इमारतींतले निघाले. वस्त्यांत आधीच निम्म्याहून अधिक लोकांना होऊन गेलेला. फेब्रुवारीत बंगल्यांचे, टॉवरांचे मजले सील होत होते आणि धारावी त्या मानाने शांत. वर्षभरापूर्वी टीव्हीवर 'लोक ऐकत नाहीत' म्हणणारे त्या आठवड्यांत गप्प होते, निदान माझ्या टीव्हीवर तरी.

सगळंच नशीब आणि पिसवा असं मला म्हणायचं नाही. त्या दुसऱ्या लाटेत दिल्लीत माणसं ऑक्सिजनसाठी गाडीत बसून तडफडली आणि मुंबईत, हाल झाले तरी, तेवढी अनागोंदी झाली नाही. चोवीस वॉर्डांत चोवीस वॉररूम, खाट मिळणार ती वॉर्डातूनच, टेस्टचा रिपोर्ट आधी पालिकेकडे. सर्वोच्च न्यायालयानेही त्या मे महिन्यात मुंबईचं उदाहरण दिलं. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की मुंबई महापालिकेकडे स्वतःची मोठी इस्पितळं आणि स्वतःची वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. के.ई.एम., नायर, सायन. पाऊणशे-शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी त्यावर पैसे खर्च केले होते. वॉररूम महिन्यात उभी राहते, के.ई.एम. राहत नाही. धारावीतही पालिकेने खाजगी डॉक्टरांना बरोबर घेतलं, दारोदार ऑक्सिमीटर फिरवले, शाळा आणि कार्यालयं विलगीकरणासाठी घेतली. १८९६ च्या मानाने हे फार शहाणपणाचं होतं. कोणाच्या दारावर यू.एच.एच. रंगवलं नाही.

झोपायच्या जागेचं मात्र तेवढं पुढे गेलं नाही. प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने प्रिन्सेस स्ट्रीट काढला, सँडहर्स्ट रोड काढला, समुद्राचा वारा शहरात घ्यायला. दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती त्यातूनच आल्या, आणि त्या फार देखण्या आहेत, मीही तिथे घर घेतलं असतं. पण नागपाड्यासारख्या भागात त्याने जितक्या खोल्या पाडल्या तितक्या सुरुवातीच्या वर्षांत बांधल्या नाहीत. ज्यांची खोली पडली ते पुढच्या गल्लीतल्या खोलीत शिरले, आणि ती गल्ली दुप्पट भरली. ट्रस्टचे एक प्रमुख जे. पी. ऑर यांना मात्र हे दिसत होतं. त्यांनी खिडकीचं गणित मांडलं. खोलीत उजेड यायचा तर समोरच्या इमारतीचा माथा खिडकीच्या तळाशी साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक कोन करता कामा नये. सोप्या भाषेत, दोन इमारतींमधलं अंतर समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्मं तरी हवं. निम्मंसुद्धा तडजोडीचंच होतं, ऑर यांना त्याहून जास्त पटलं असतं.

२०१८ मध्ये गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, डॉक्टर्स फॉर यू या संस्थेचा. नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड, पी.एम.जी. कॉलनी. रस्त्यांसाठी, रेल्वेसाठी, नाल्यांसाठी उठवलेल्या माणसांची ही घरं. पहिल्या दोन वसाहतींत क्षयाचे रोगी खालच्या मजल्यांवर जास्त सापडले, जिथे ऊन पोचत नाही आणि वारा फिरत नाही. तिसऱ्या वसाहतीत इमारती लांब लांब आहेत, तिथे प्रमाण बरंच कमी. नटवर पारेखमध्ये मी एका ओळखीच्यांकडे गेलो होतो. दुपारी बारा वाजता तळमजल्यावर दिवा लावून भाजी निवडणं चाललं होतं. खिडकीतून हात बाहेर काढला तर समोरच्यांच्या खिडकीला लागेल असं मला वाटलं, तसं खरंच नव्हतं, पण खिडकी त्यांनी वाळत घातलेल्या कपड्यांनी झाकून टाकलेली, कारण उघडली तर आत येतो तो वरच्यांनी टाकलेला कचरा.

इमारती सात-आठ मजल्यांच्या, म्हणजे वीस-बावीस मीटर उंच. मधलं अंतर तीन मीटर. ऑरच्या हिशोबाने ते दहा-अकरा हवं होतं. ही घरं काही प्लेगच्या जमान्यातली नाहीत, या शतकातली आहेत. बांधताना सवलतीच्या नियमांत बसवलेली आहेत, आणि शहरभर अशीच आणखी उभी राहत आहेत.